चार दिवसांची मंजूर रजा

मी एक रजेचा अर्ज बोलतोय. सोलापूरच्या एका गिरणीच्या दारात बसणाऱ्या लेखनिकाने मला लिहिलं आणि मागावर काम करणाऱ्या शेखलालने खाली अंगठा उठवला. बायको चांदबी माढ्याला माहेरी फार आजारी आहे, चार दिवसांची रजा मिळावी, एवढाच माझा मजकूर. खात्याच्या साहेबाने वर न बघता 'मंजूर' लिहून सही ठोकली. साहेब लोक अर्ज वाचतात, असा तोवर माझा समज होता.

आता मला टाइम ऑफिसच्या खिडकीत जायचं होतं. शेखलाल रांगेत उभा राहिला. नंबर आला आणि हा बाजूला झाला. "उद्या जातो," असं पुटपुटून त्याने मला खिशात कोंबलं. चार दिवस आपल्या मागावर बदली कामगार उभा राहील याची धास्ती होती, की चांदबीला तसं अंथरुणात बघवणार नव्हतं, मला सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी माढ्याहून निरोप आला, ती गेल्याचा.

मग मी पत्र्याच्या डब्यात, गेटपास आणि हजेरीच्या कार्डांखाली. सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढे काहीच वाटेनासं झालं. गिरणी बंद पडली, शेखलालही गेला, तेव्हाही काही वाटलं नाही.

परवा डबा उघडला त्याच्या नातीने, गुलनाजने. आजोबांनी गिरणीत काय काय केलं, ते ती वहीत लिहून काढतेय. शेजारी तिचे वडील आरिफ बसले होते. आई गेली तेव्हा ते दोन वर्षांचे. शेवटी बाप आईपाशी होता का, हे त्यांनी बापाला विचारलं नाही आणि बापानेही कधी सांगितलं नाही.

मला वाचून गुलनाज ओरडलीच, "अब्बा, रजा मंजूर झालती! दादा गेलते की दादीकडं!"

आरिफनी मला हातात घेतलं. साठीचा माणूस, पण चेहरा पोरासारखा झाला.

कागद समजावून सांगायला म्हणून गल्लीतल्या चनबसप्पांना बोलावलं होतं. ते गिरणीचे जुने टाइमकीपर. चहा पिता पिता म्हणाले, "मंजूर अर्ज आमच्या खिडकीत द्यायचा असतोय. तवाच रजा लागती. मीच घेत होतो की. घेतलेला परत मिळत न्हवता."

"मग ह्यो घरात कसा?" गुलनाजने विचारलं.

चनबसप्पांनी कप खाली ठेवला. उगीच बोललो, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

आरिफ रडले नाहीत की रागावले नाहीत. माझी जुन्याच घडीवर घडी घातली आणि मला लेकीच्या हातात दिलं.

"अब्बा, वहीत काय लिहू?"

"रजा मंजूर झालती, लिही."

"आन् पुढं?"

"पुढं कायबी नको."

तिने तेवढंच लिहिलं. आता मी त्या वहीत, त्याच पानाशी आहे. तुमच्या घरातही असा एखादा कागद निघालाच, तर मजकूर खुशाल वाचा. तो घरात कसा राहिला, एवढं मात्र कुणाला विचारू नका.