दोन नावांची पाटी

थोरलीने फोन कानाला लावूनच हातातली पटाशी खाली ठेवली आणि अंगावरचा भुसा न झटकता धाकट्या भावाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. फोनवरची बाई अजून बोलतच होती. पाटीवरचं नवऱ्याचं नाव काढा, असं तिने आठवडाभर आधी कळवलं होतं. तरी आज दोन्ही नावांची पाटी तिच्या घरी येऊन पडली होती.

"लोक काय लिहितात ते वाचता तरी का तुम्ही?" एवढं म्हणून बाईने फोन ठेवला.

दारावर लावायच्या लाकडी पाट्या आणि किल्ल्या टांगायच्या फळ्या थोरली कोरायची आणि भाऊ त्या ऑनलाइन विकायचा, अशी घरात पहिल्यापासूनची वाटणी. पण ही पाटी तिने कोरलीच नव्हती.

"कोणी केली ती पाटी?"

धाकट्याने संगणकाच्या पडद्यावरची नजर काढली नाही. "कंपनीने. मागणी थेट त्यांच्याकडे जाते. तेच मशीनवर कोरतात, तेच पाठवतात."

"मी नको म्हटलं होतं."

"तू नको म्हणालीस आणि मागण्या तुंबल्या. एकेका पाटीला किती वेळ लावतेस, ताई! शिव्या मला खाव्या लागतात."

"आणि नाव काढा म्हणून ती सांगत होती, त्याचं काय?"

"मी कळवलं त्यांना. काम मशीनवर चढलं की बदलता येत नाही, असं उत्तर आलं. छापील उत्तर होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर कंपनीचंही कळलं असतं तुला."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओरडली मात्र नाही. कोपऱ्यातली चांगली वाळलेली फळी तिने ओढून काढली आणि कामाला बसली. पाटी पुरी होईपर्यंत ती त्याच्याशी अक्षरही बोलली नाही. त्याने आणून ठेवलेला चहा साय धरून तसाच पडून राहायचा.

"पॅक करू?" शेवटी त्याने विचारलं.

"हात लावू नकोस. मी नेऊन देते."

वाटेत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. बाईची माफी मागायची, आणि परत आल्यावर भावाला असं सुनावायचं, की तो पुन्हा तोंड वर करून बोलणार नाही.

जिना चढून ती दारापाशी आली आणि थबकली. दारावर पाटी होती. वरचं नाव शाबूत होतं. त्याखाली पाटी आडवी कापून टाकलेली. कड दातेरी, आणि खालच्या नावाची शिरोरेषा तेवढी काठाशी उरलेली.

बाईने दार उघडलं.

"पाटी आमच्याकडची. चूक आमची झाली," थोरली म्हणाली. "ही नवी आणलीय. एकाच नावाची."

बाईने ती हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"सुरेख आहे," ती म्हणाली आणि पाटी परत दिली. "पण राहू दे. शेजारून करवत आणून ओट्यावरच कापली मी. हात भरून आले. पण त्यानंतर झोप कशी गाढ लागली."

"कड तरी घासून देते. येता-जाता हाताला लागेल."

"लागू दे."

जिना उतरताना थोरलीच्या लक्षात आलं, की भावासाठी जुळवून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं.

धाकटा दारातच उभा होता. "घेतली नाही?"

"नाही."

"मग आता? कंपनीला काम देणं बंद करू?"

थोरलीने पाटी टेबलावर उपडी ठेवली. "दारावरच्या पाट्या इथूनच जातील. बाकीचं काय ते दे कंपनीला. आणि कोणी थांबा म्हणून कळवलं, की मला सांगायचं. मी चिडले तरी सांगायचं."

त्याने मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढून बसला. त्याने ऑनलाइन दुकानाचं पान उघडलं.

"उशीर होतो, त्याचं काय लिहू?"

"उशीर होतो, असंच लिही."