लाल काचेतला उजेड

आमची अक्षया काय काम करते ते लोकांना सांगताना माझी जीभ अडखळते. कॉलेजात शिकवते, इतकं बोलून गप्प बसतो. आरे-वाऱ्याच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, कॉलेजची दुर्बीण आहे. अंधार पडला की ती आपली आपण पश्चिमेकडचे तारे टिपत बसते, कधी लाल काचेतून, कधी निळ्या. कुठल्या ताऱ्याचा उजेड कमीजास्त होतो, कुठला पुंजक्यातला आणि कुठला उपरा, हे अक्षया त्यावरून मोजते. एक तारा ठरलेल्या वेळी जरासा मंदावतो. त्याच्यापुढून ग्रह जातो, असं तिचं म्हणणं. मी उभा जन्म तांडेल, ताऱ्यांवर होडी हाकली. पण ताऱ्यांना पण पोरं असतात, हे पोरीकडून कळलं.

या कामाला एकच साडेसाती, एलईडी दिव्यांच्या बोटीवाले. समुद्रात लखलखाट करून मासळी ओढतात. बंदी आहे, पण विचारतो कोण? आमच्या छोट्या होड्यांना काही उरत नाही आणि अक्षयाचे फोटो उजेडाने पांढरे पडतात. म्हणून तिने यंत्राला शिकवून ठेवलेलं, समुद्राकडून उजेड आला की फोटो बाद. बाद झाले की तिच्या मोबाईलवर निरोप येतो.

त्या दिवशी माझा धाकटा, अजिंक्य, एकटाच होडी घेऊन गेला. दाभोळच्या बाजूला जातो म्हणाला. दिवेलागणीनंतर आम्ही जेवायला बसलो, बायको, हिरा, बांगडे वाढत होती. अक्षयाचा मोबाईल वाजला.

"झालं! आजचे पण बाद. नेमके ग्रहाच्या वेळेचे."

हिराने पळी आपटली. "बुडोत मेले! माझ्या पोराच्या पोटावर पाय देतात, हिच्या ताऱ्यांवर पण. समुद्राने गिळू दे एकेकाला!"

मी हसलो. तिचं तोंड असंच, मासळीबाजारात कमावलेलं. "जेवू दे गो बाई," म्हटलं.

सकाळी होडी आली नाही. वायरलेस बंद, फोन लागेना. बंदरातल्या होड्या, तटरक्षकांची बोट, सगळे दाभोळकडे शोधायला गेले. माझे गुडघे गेलेले, मला कोणी घेतलं नाही. दुपारपर्यंत ओट्यावर येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी पोरीवरच भडकलो. "तुझं ते यंत्र रोज समुद्राकडे डोळे लावून बसतं, त्याला भावाची होडी दिसली नाही? चुलीत घाल तो ग्रह!"

"बाबा, ते वर बघतं, पाण्याकडे नाही," ती रडत म्हणाली. मग एकदम उठली. लॅपटॉप आणून तिने बाद फोटो उघडले. निळ्या काचेतले स्वच्छ होते. लाल काचेतले तेवढे खालच्या डाव्या कोपऱ्यातून उजळलेले.

"एलईडी असता तर निळ्यात जास्त दिसला असता." तिने लाल काचेतल्या फोटोवर बोट ठेवलं. "बाबा, हा नुसता लाल उजेड आहे."

संकटात पेटवायच्या लाल मशाली असतात होडीवर. अजिंक्यला त्या मीच आणून दिलेल्या. पश्चिमेला तोंड केलं की डावा हात म्हणजे दक्षिण. मासळी बघून पोर तिकडे वळलं असणार. आणि हे सगळे उत्तरेला, दाभोळकडे!

मी फोनवर बोंब मारली, बोटी वळल्या. तिन्हीसांजेच्या आत सापडला तो. उलट्या होडीजवळ, जाळ्याच्या तरंगत्या बोयांना स्वतःला बांधून घेतलेला. शेजारच्या होडीवरचा झैन म्हणाला, "चाचा, अंग अजून कडक झालं नव्हतं." कशाला सांगितलं मेल्याने! म्हणजे रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशीही कितीतरी वेळ, पोर जिवंत होतं, वाट बघत होतं.

अक्षया आता सड्यावर जात नाही. उजेड आला की फोटो बाद, तो नियम मीच केला, म्हणत बसते. पण ती रडून मोकळी तरी होते. हिरा रडली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "अहो, जेवताना मोबाईल वाजला, तो त्याच उजेडाचा ना?"

"हो."

"तेव्हा मी काय बोलले?"

तिला ठाऊक होतं, मलाही. "काही नाही गो. बांगडा वाढू का, म्हणालीस."



"मग तुम्ही हसलात कशाला?"