भाजलेली माती

उमलण्याआधी कळी देठाशी अर्धा वळसा घेते. अगदी सावकाश, दिवसभर टक लावून बसलं तरी डोळ्यांना न दिसणारा, काल आणि आज यांच्यातल्या फरकावरूनच ओळखायचा असा तो वळसा. वरची पाकळी खाली येते, तिची जीभ होते, आणि मग ते शुभ्र फूल प्रकाशाला सामोरं जातं.

भाद्रपदातलं कोवळं ऊन सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर पसरलं होतं. तांबड्या जांभ्याच्या कातळावर गवताचा पातळ हिरवा शेला, शेल्यावर दवाची कशिदाकारी, आणि त्या दवात गुडघे टेकून, डोळ्याशी भिंग धरून बसलेली उत्तरा. फुलामागे लोंबणारी बोटभर मधनळी. जिभेचे तीन भाग. मधला सरळ, कडेचे दोन झालरीसारखे चिरलेले. भुईआमरी. फांद्यांवर झुलणाऱ्या आमरींची, ऑर्किडांची, ही मातीत राहणारी अबोल बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता उत्तराचे केस पांढरे झाले, तरी हे नाव मनात उच्चारताना तिचा श्वास अजून क्षणभर थांबत असे.

सड्याच्या तिन्ही बाजूंना आता सडा नव्हता. जांभ्याचे चिरे कापून नेणाऱ्या खाणींनी मागे ठेवलेली पोकळी होती. सरळ कडांची, खोल, रक्तवर्णी पाण्याने भरलेली. एवढाच तुकडा उरला होता, आणि तो तिचा व तिच्या थोरल्या भावाचा, हरीदादाचा, सामाईक होता.

दादाला तो खाणीला द्यायचा होता. वहिनी गेल्यापासून घर त्याला खायला उठत होतं. त्या पैशातून पनवेलला मुलाच्या घरावर एक खोली चढवावी, उरलेलं आयुष्य नातवंडांच्या गोंगाटात काढावं, एवढंच त्याचं मागणं. उत्तराने होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. "फूल कुंडीत येऊ दे, दादा, मग सांगते," असं म्हणून ती वर्षामागून वर्ष ढकलत आली होती. सडा गेला तरी आमरी उरेल, आमरी उरली की दादाही सुटेल. किती सोपं, किती सुबक होतं ते गणित.

पहिल्या वर्षी तिने माती भाजून घेतली. आई भाताच्या तरव्याची, रोपांच्या वाफ्याची जमीन भाजायची तशी. शेणी, पाला, तोडलेल्या डहाळ्यांची कवळ रचून, धुराने आभाळ निळं करून. भाजलेल्या मातीत रोग राहत नाही, आई म्हणे. प्रयोगशाळाही तेच म्हणे. त्या शुद्ध मातीत, त्या राखगंधी मातीत उत्तराने कंद लावले, आणि ते एकेक करून विझले.

कारण आमरीचं जगणं तिच्या एकटीचं नसतं. मातीतली केसाहून बारीक बुरशी तिच्या मुळाशी धागा जोडते, तिला घास भरवते. त्या अग्नीत रोग जळला आणि दाईही जळली. हे उत्तरा वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आली होती. हातांनी मात्र आईचं ऐकलं.

मग तिने न भाजलेली माती आणली. सड्यावरचीच, गवताच्या मुळांसकट. आमरीने पान धरलं, कळी धरली नाही. बुरशीलाही माहेर लागतं. तो कातळ, ते गवत, ते दव लागतं.

सड्यावरून उतरून आज तिने अंगणातली शेवटची कुंडी आडवी केली. भुईआमरी जुन्या कंदावर पावसाळा काढते आणि त्याच्या कुशीला पुढच्या वर्षाचा नवा कंद घडवते. एक सुरकुतत जातो, दुसरा भरत जातो. उत्तराने बोटांनी माती सारली. जुना कंद होता, पिळून टाकलेल्या चिंधीसारखा. शेजारी नवा नव्हता. तिने पुन्हा चाचपलं. माती, मुळं, एक गांडूळ. नवा नव्हता.

पडवीच्या पायरीवर दादा ताकाचं भांडं घेऊन बसला होता. फुलाला तो बगळी म्हणे.

"काय गो उत्तरे, उडाली बगळी?"

"उडाली."

"मग आता हिचं सुतक किती पाळायचं मी?" तो हसला, आणि हसू तोंडावरच वाळलं. "खाणवाला दसऱ्यानंतर यंत्र आणतो म्हणतो. त्याला काय सांगू? नाही म्हणालीस, तर मी इथंच भिंतींशी बोलत मरायचा. मरेन गो. पण एकदाचं बोल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याच्या काळ्या बंडीला पांढऱ्या दोऱ्याने, स्वतःच्याच हाताने वाकडं शिवलेलं बटण होतं.

उत्तराला सगळं ठाऊक होतं. खाणींच्या उघड्या कडांतून सड्याची ओल दरवर्षी पाझरून जात होती. गवत विरळत होतं, फुलं विरळत होती. राखला तरी सडा फार काळ राहणार नव्हता. राखला तर दादाही सुटणार नव्हता आणि शेवटी आमरीही वाचणार नव्हती. आमरीने उत्तराच्या होकाराने यंत्राखाली संपायचं की आपल्याच मातीत सावकाश, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

ढगाची एक सावली सड्यावरून उतरली. काजूंवरून आली, दगडी गडग्यावरून आली, अंगण ओलांडून दादाच्या पायांवर चढली, गुडघ्यांवर चढली, चेहऱ्यावर येऊन थांबली. त्या सावलीतही त्याचे डोळे तिच्याकडेच लागलेले होते.

"नाही, दादा," उत्तरा म्हणाली. "सडा द्यायचा नाही."