शंकेला कोड नसतो

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या गोदामाला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिथे बसून मास्तर आजारांना कोड लावत. एकच दुखणं दहा डॉक्टर दहा तऱ्हांनी लिहितात. ते वाचायचं, समजून घ्यायचं आणि त्या दुखण्यासाठी ठरलेला कोड शोधायचा, असं ते काम. मास्तर कुठल्याही शाळेत कधी शिकवायला नव्हते. पण नवीन आलेल्याला ते इतकं न कंटाळता समजावत, की हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

सध्या त्यांच्याकडे एक नवीन मुलगी शिकत होती. तोंडाची टकळी अखंड चालू. तिने लावलेले कोड मास्तर तपासत. शिकाऊंना मिळणाऱ्या फायलींवर रुग्णाचं नाव झाकलेलं असे. दिसायचं फक्त वय आणि डॉक्टरांचं टिपण.

"सर, ही एकदम सोपी होती," तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "मानेत गाठी, कॅन्सर. टाकला लावून."

"डॉक्टरांनी काय लिहिलंय? मोठ्याने वाच."

"मानेच्या डाव्या बाजूच्या लसिका ग्रंथी सुजलेल्या. दुखत नाहीत. कॅन्सरची शंका. एक गाठ काढून तपासणीला पाठवायची."

"शंका म्हणालीस. मग?"

"मग... शंकाच आहे अजून."

"शंकेला कोड नसतो, बाळ. माणूस डॉक्टरला दाखवून घरी गेलाय, तपासणी व्हायचीय. उद्या काही भलतंच साधं निघालं, तरी तू लावलेला कॅन्सर त्याच्या मागे लागायचा. डॉक्टरांच्या हाताला काय लागलं ते सांग."

"गाठी."

"एका जागी की अंगभर?"

"एका जागी. मानेतच."

"मग आर एकोणसाठ पॉइंट शून्य. अंगभर असत्या तर पॉइंट एक. झालं."

"अरे देवा! मी तर त्या बिचाऱ्याला पार वर पोचवून आले होते."

मास्तर हसले. हसताना कॉलर डाव्या कानाखाली घासली आणि त्यांचा हात आपोआप तिकडे गेला. दाढी करताना त्यांना ती गाठ पहिल्यांदा लागली होती. लहानपणी घसा आला की मानेत अशीच गाठ यायची, आई म्हणायची, अवधाण आलंय, जाईल. पण ते अवधाण दुखायचं. ही गाठ दुखत नव्हती, आणि जातही नव्हती. शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांना दाखवलं होतं. लेकीला मात्र सांगितलं नव्हतं. ती दुसऱ्या गावी असते, दर रविवारी फोन करते. अजून नक्की काही नाही, मग काय सांगायचं? दर रविवारी ते 'मजेत' म्हणत. बायको गेल्यापासून घरात दुसरं कुणी विचारणारं नव्हतं.

डावी बाजू काय, कुणाचीही असू शकते, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"सर, खाली अजून आहे," मुलगी वाचू लागली. "रुग्ण एकटे राहतात. भूल द्यायची असल्याने सोबत माणूस हवा, पण कुणी नाही. त्यामुळे तपासणी लांबली आहे." ती फिस्सकन हसली. "आणि पुढे लिहिलंय, सोबत कोण येईल असं विचारल्यावर रुग्ण म्हणाले, छत्री चालेल का?"

मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी डॉक्टरसुद्धा हसला नव्हता. खाली मान घालून टाइप करत राहिला होता.

"एकटं राहण्याचा कोड असतो ना, सर? झेड साठ पॉइंट दोन. लावू?"

"डॉक्टरांनी लिहिलंय?"

"लिहिलंय. त्याने अडचण होतेय असंही लिहिलंय."

"मग ती शंका नाही. लाव." मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. "पण ही फाइल वरिष्ठ मॅडमकडे पाठव. मला तपासता येणार नाही."

"का?"

"माझ्या ओळखीचा माणूस आहे." आपली किंवा आपल्या माणसाची फाइल स्वतः तपासायची नाही, हा नियम त्यांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवला होता.

"ओळखीचा आहे?" ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघू लागली. "आणि त्याला छत्री घेऊन जावं लागतंय? काय हे सर! तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं."

"मग सांगायचं ना कुणाला तरी!"

संध्याकाळी घरी येऊन मास्तरांनी दिवा लावला आणि चपला न काढताच लेकीला फोन लावला. रविवार नव्हता.

"बाबा? काय झालं?"

"काही झालं नाही. म्हणजे, मानेत गाठ आहे. एवढंच नक्की आहे. काढून तपासायचीय. सोबत माणूस लागतो, आणि मी एकटा आहे. तेही नक्की आहे."

पलीकडून तिचा आवाज आला, भरलेला आणि चिडलेला. "रविवारी तुम्ही मजेत होतात."

"नक्की काही नव्हतं, म्हणून..."

"मजेत असल्याचं नक्की होतं का? ते कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं?"

मास्तर चपला काढून खुर्चीत बसले.

"मी उद्या येते. दुपारपर्यंत पोचेन. तुम्ही कामावर असाल, तर शेजारी किल्ली ठेवून जा."

"हो," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी कपाटाचा खण उघडला, मग स्वयंपाकघरातला, मग बायकोची जुनी पर्स. दाराला दुसरी किल्ली होती खरी. पण ती कुठे ठेवली, ते काही केल्या आठवेना. इतक्या दिवसांत ती कुणाला लागलीच नव्हती.