डाव्या खांद्याच्या गाद्या

टेबलावर दोन मीटर सुती कापड होतं, निळ्या बारीक चौकड्यांचं. एक कात्री, एक टेप, खडूचे दोन तुकडे, एक मीटर इलॅस्टिक, दोऱ्याने भरलेल्या दोन बॉबिन आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. डब्यात खांद्याला आतून लावायच्या स्पंजच्या गाद्या होत्या, अकरा. सगळ्या डाव्या.

उजव्या गाद्या मावशीने संपवल्या होत्या. गाद्या दुकानात जोडीनेच मिळतात आणि या घरात डावीच लागते. म्हणून राहिलेल्या उजवीला मावशी चिंधी चढवायची, तिची टाचण्या खोचायची उशी करायची आणि आईच्या गिऱ्हाइकांना वाटून टाकायची. गल्लीत एक घर असं नव्हतं जिथे ती उशी नाही.

घरातल्या मुलीला सगळे टाचणी म्हणत. बारीक आणि टोकदार, म्हणून मावशीनेच ठेवलेलं नाव. ती तेरा वर्षांची असताना डॉक्टरांनी तिचा एक्स-रे खिडकीला धरून दाखवला होता. कणा मधेच उजवीकडे वळून परत जागेवर येत होता. ऑपरेशन नको, पट्टा नको, फक्त लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. आईने लक्ष ठेवलं ते कपड्यांवर. तिचं शिवणकाम घरातच चालायचं. त्या दिवसापासून लेकीचा प्रत्येक कपडा तिने स्वतः शिवला, बाह्यांचा, कॉलरचा आणि डाव्या खांद्यात गादी घातलेला.

आता टाचणी चोवीस वर्षांची होती आणि रोपवाटिकेच्या काचघरात कलमं बांधत होती. उन्हाळ्यात तिथे दुपारपर्यंत गादी घामाने भिजून खांद्यावर ओल्या बोळ्यासारखी बसायची. गादीखालच्या कातडीवर पुरळ आलं होतं. रविवारी काचघरातले सगळे तळ्यावर जाणार होते. तिला उघड्या खांद्यांनी जायचं होतं.

"मला रॉम्पर शिवून दे," ती आईला म्हणाली होती. "खांद्यांवर बारीक पट्टे, खाली आखूड चड्डी, सगळं एकात."

"तान्ह्या बाळांना घालतात तसलं? दुपटंही देते हो सोबत."

"आई, मी गंमत करत नाहीये."

"बाह्या लावून देते."

"त्याला बाह्या नसतात."

"मग मला येत नाही," आई म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवू लागली. एका दिवसात जुना कोट उसवून आतली बाजू बाहेर करून देणारी बाई ही. येत नाही म्हणे!

म्हणून टाचणीने कापड स्वतः आणलं. फ्रॉकची उंची चुकली तर फार तर फ्रॉक आखूड होतो. रॉम्पर पायांमधून फिरून वर येतो, तिथे चुकलं तर माणसाला बसताच येत नाही. आई आणि मावशी कपडे पोचवायला गेल्या होत्या तेव्हा ती आरशासमोर उभी राहिली. उजव्या खांद्यावर टेपचं टोक धरलं, पुढून खाली, पायांमधून, पाठीवरून परत खांद्यावर. एकशे एकावन्न. डावीकडे एकशे सत्तेचाळीस. तिला पटेना. परत मोजलं, तेच आलं. फरक चार, पण टेप पुढूनही खाली जाते आणि मागूनही वर येते, म्हणजे खांदा दोनच सेंटिमीटर खाली होता.

मग तिने डब्यातली एक गादी काढली, हाताने दाबून धरली आणि मोजली. साडेतीन.

खांदा दोन, गादी साडेतीन. म्हणजे इतकी वर्षं ती जगासमोर वाकडी चालत होती, आणि तेही उलट्या बाजूला.

त्याच रागात तिने कापड बेतलं. वरच्या भागाची उजवी बाजू पुढून-मागून दोन सेंटिमीटर उंच ठेवली, शिवणीसाठी जागा सोडली, चड्डी जोडली, कमरेत इलॅस्टिक ओवलं. फक्त पट्टे राहिले. ते शनिवारी कामावरून आल्यावर लावायचे म्हणून रॉम्पर खुंटीला टांगला.

शनिवारी दुपारी ती आली तर रॉम्पर इस्त्री करून, घडी घालून तिच्या उशीवर ठेवलेला. पट्टे लावलेले. तिने तो चढवला आणि खाटेवर बसायला गेली, तशी उजवीकडून शिवण मांडीत कचकन रुतली. डाव्या पट्ट्याखाली काहीतरी बेडकासारखं बसलं होतं. तिने पट्टा उलटला. चौकड्यांचंच कापड चढवलेली, नव्या स्पंजची छोटीशी गादी.

ती तशीच बाहेर आली. आई काजं करत होती, मावशी बटणं लावत होती.

"याची उजवी बाजू कोणी कापली?"

"नीट केली," आई मान वर न करता म्हणाली. "एक बाजू वर, एक खाली. कापताना हात सरकला होता तुझा."

"माझा हात सरकला नव्हता. आणि ते तुला चांगलं माहीत होतं."

"अगं टाचणी, पट्टा बघ तरी किती सुबक बसवलाय," मावशी म्हणाली.

"मावशी, तू तर बोलूच नकोस. गल्लीभर माझे उजवे खांदे वाटत फिरलीस!"

मावशीला हसू फुटलं. टाचणीचं तोंड बघून तिने ते गिळलं आणि दोरा दातांनी तोडला.

"लोक बघतात," आई म्हणाली. "तुला मागचं दिसत नाही. मला दिसतं."

"किती दिसतं? आकडा सांग."

"आकडा कसला?"

"माझा खांदा किती खाली आहे? कोपऱ्यावरच्या न्हाव्याची कंबर तुला पाठ. त्याच्या बायकोची पाठ. माझं माप सांग."

आईने काजातली सुई काढली. "साडेतीन."

"कधी घेतलेलं?"

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. मावशीच म्हणाली, "डॉक्टरकडून आलात ना, त्या दिवशी. तू हमसून हमसून रडत होतीस. सरळ उभीच राहत नव्हतीस."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर अंदाजाने," आई म्हणाली.

"अंदाजाने! गिऱ्हाइकाचा खिसा एवढासा तिरका झाला तर रात्र रात्र उसवत बसतेस तू. आणि मी अंदाजाने?" टाचणीचा आवाज फाटला. "एका रडणाऱ्या पोरीचं माप घेतलंस आणि त्यावर मला म्हातारी करायला निघालीस. खांदा सोलून निघालाय माझा, बघ. बघ ना! मागचं दिसतं ना तुला?"

तिने पट्टा खाली ओढला. लाल पुरळ गळ्यापर्यंत चढलं होतं. मावशीच्या हातातलं बटण घरंगळत मशीनखाली गेलं.

"माझा हात धजला नाही," आई हळूच म्हणाली. "परत मोजायला."

"तुझा हात धजला नाही आणि गादी मी वाहिली." टाचणीने टेबलावरची टेप उचलून आईच्या मांडीत टाकली. "मोज आता. मी रडत नाहीये."

"आत्ता काजं..."

"काजं मरू देत."

आई उठली. तिने उजवीकडून टेप फिरवली, मग डावीकडून. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मावशीला टोक धरायला लावून तिने दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या.

"मोठ्याने," टाचणी म्हणाली.

आईने आकडे सांगितले. मग खाली बसून मशीनखालचं बटण शोधू लागली, ते सापडल्यावरही शोधत राहिली.

उजव्या बाजूची कापलेली पट्टी केराच्या पिशवीत मिळाली, पण परत जोडली तर ती शिवणीतच संपणार होती. टाचणीने उरलेल्या कापडातून रुंद पट्टी बेतली.

"चौकडा जुळणार नाही," आई म्हणाली. "जोड दिसेल."

"दिसू दे."

"मी लावून..."

"हात लावू नकोस."

पट्टी तिनेच लावली, एकदा चुकली, उसवून परत लावली. पट्ट्याखालची गादी काढून डब्यात टाकली. आता बारा झाल्या. मग रॉम्पर टेबलावर पसरून आईच्या समोर मोजला.

उजवी बाजू एकशे एकावन्न. डावी एकशे सत्तेचाळीस.