पोट भरून येजा

तानाबाईंचे किरणांचे पंधरा शेक झाले होते, दहा उरले होते. सकाळी डॉक्टरांनी नंदिनीला एवढंच सांगितलं, की आतड्याला किरणं लागून बाईंचे जुलाब थांबत नाहीत; प्लॅन सुधारून बघ, नाहीतर आठवडाभर शेक बंद ठेवावे लागतील. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला आठवडा देणं म्हणजे मोकळं रान देणं, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. किरणं कुठून सोडायची, किती, कुठवर, हे कॉम्प्युटरवर आखायचं काम तिचंच.

घरी लेकीला दात येत होते. तीन रात्रींची झोप डोळ्यांत वाळूसारखी खुपत होती. आतडं वाचवायला जावं तर गाठीची कड उघडी पडे, कड झाकावी तर आतडं भाजे. चौथा प्लॅनही फसला तेव्हा तिनं शेकाआधी रोज काढतात ती चित्रं मूळ स्कॅनशेजारी लावली. स्कॅनमध्ये मूत्राशय टम्म भरलेलं. रोजच्या चित्रांत ते पार चिपाड, आणि वरचं आतडं त्या रिकाम्या जागेत, नेमकं किरणांच्या वाटेत उतरलेलं.

स्कॅनच्या दिवशी तिनंच बाईंना समोर बसवून पाणी पाजलं होतं. मग फाईलवर ‘मूत्राशय भरलेले असावे’ असं लिहून ती पुढच्या पेशंटकडे वळली होती.

शेकाच्या मशीनवरचे मोतीलालभाऊ निवृत्तीला टेकलेले, सभ्य गृहस्थ. बाईंना पाण्याचं सांगता ना, असं तिनं विचारलं तर ते म्हणाले, रोज सांगतो ना मी, पोट भरून येजा मावशी म्हणून.

“पोट?”

भाऊंनी चष्मा काढून पुसला. “आता आईसारख्या बाईले लघवी रोखून धर, असं कसं म्हणू मॅडम? मले वाटलं, समजते त्याइले.”

तानाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. नंदिनीनं पाण्याचं विचारलं तशा त्या कसनुशा हसल्या. सिंदी रेल्वे या गावाहून बसचा सव्वा तास, त्यात हे जुलाब, मधे बाईमाणसानं उतरावं कुठं? सकाळी उठल्यापासून त्या पाण्याला शिवतच नव्हत्या. पण भाऊंचा शब्द मोडला नव्हता. गिळवत नसताना रोज पहाटे दोन भाकरी खाल्ल्या होत्या. एकदा ओकून पडलं, तर परत चूल पेटवली.

“मशीनीले भरलं पोट लागते म्हनून,” त्या म्हणाल्या, “रडत रडत खाल्लं, पोरी.”

नंदिनीला रागवायलाही कुणी सापडेना. तिनं लघवीची पिशवी, आतडं, सगळं हातानं दाखवून नीट सांगितलं. पाणी घरून निघाल्यावर नाही, इथं येऊन प्यायचं. संडास समोरच आहे. मग ग्लास आणला. बाई घोटाघोटानं प्यायल्या आणि तासभर दोघी तशाच बसून राहिल्या, बाई जाग्या, नंदिनी पेंगत.

त्या दिवशीच्या चित्रात आतडं दोन बोटं वर सरकलं होतं. जुनाच प्लॅन रेघेला रेघ बसला. डॉक्टरांनी चित्र पाहून शेक चालू ठेवा म्हटलं, आणि सलाईन लावायला सांगितली.

सोळावा शेक घेऊन तानाबाई संडासाला जाऊन आल्या आणि दारात घुटमळल्या.

“मंग उद्या भाकर नाई खाल्ली तं चालते?”

“जेवढी जाईल तेवढीच खा, मावशी.”

“अर्धीच खाईन,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत सलाईनच्या खोलीकडे गेल्या.