जेकिशनभाईंची मगर

सुरतच्या गोपीपुऱ्यात जेकिशनभाई जरीवालांच्या पोटावर दोन वीत लांब व्रण होता, आणि तो मगरीने केलेला आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी ते एकटेच मद्रासला माल बघायला गेले आणि महिन्याने परतले ते हा व्रण आणि ही मगर घेऊनच. तेव्हा ती सहा हातांची होती. गल्लीत खाऊनपिऊन अठरा हातांची झाली.

एका मंगळवारी डाळीचा वाफाळता लोचो खाताना त्यांना वाटीभर रक्ताची उलटी झाली. मग आपोआप थांबली.

"चटणी असेल," ते म्हणाले.

"चटणी हिरवी होती," बायको ऊर्मिलाबेन म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याला रिक्षात कोंबलं.

डॉक्टर जागृती लापसीवालांनी तोंडातून नळी घालून जठर पाहिलं. स्वच्छ. उद्या घरी जा, असं म्हणणार तेवढ्यात काकांचा सदरा वर सरकला.

"हे काय, काका?"

"मगर."

"टाके सरळ घालते हो तुमची मगर." डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "पोटातल्या मोठ्या धमनीत कापडाची नळी बसवली असेल, तर क्वचित ती घासून घासून शेजारच्या आतड्याला भोक पाडते. पहिलं रक्त थांबतं. दुसरं थांबत नाही. म्हणून विचारते, मगरच ना?"

एका पारड्यात जीव, दुसऱ्यात अठरा हातांची मगर. काटा बराच वेळ हलला.

"धमनी फुगली होती," ते पुटपुटले. "मद्रासला कापड घातलं. हिला सांगितलं असतं तर तळण बंद केलं असतं हिने."

"ठाऊक आहे," ऊर्मिलाबेन म्हणाल्या. "कागद तुमच्या बंडीत सापडला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? मगर तुमचा माग काढत तापीपर्यंत आली आणि मी तिला लाटण्याने हाकललं, असं बायकांना सांगून बसलेय मी."

लगेच स्कॅन झाला. मग लांब नळी आतड्याच्या पुढच्या वळणापर्यंत गेली, आणि पडद्यावर चुण्यांचं, पित्ताने पिवळं पडलेलं कापड दिसलं. तोंडात नळी असलेले जेकिशनभाई अंगठा नि बोट चोळून पोत तपासू लागले. नळी निघताच म्हणाले, "पॉलिएस्टर. सुरतेचं नाही. आपलं विटत नाही."

त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. पायांना रक्त मिळावं म्हणून आधी काखेपासून मांड्यांपर्यंत कातडीखालून नवी नळी टाकली. मग जुनं कापड काढलं, धमनीचं तोंड बांधलं, आतडं शिवलं.

तीन आठवड्यांनी गल्ली भेटायला जमली.

"जेकिशनभाई, काखेतली ही खूण कसली?"

त्यांनी तोंड उघडलं. ऊर्मिलाबेननी त्यात उकडलेल्या दुधीचा घास घातला.

"तीच मगर," त्या म्हणाल्या. "लाटण्याचा राग धरून आली होती."

"किती हातांची हो, बेन?"

"बावीस."

जेकिशनभाईंनी मुकाट्याने दुधी गिळला.